सात ओळींवर भाष्य: धातू, अधातू आणि धुऱ्यावरचे

तुमसरला बहिणीकडे गेलो होतो. नववीतली भाची विज्ञानाची वही घेऊन धातू-अधातूंचा तक्ता पाठ करत बसली होती. डाव्या रकान्यात सात गुणधर्म, उजव्यात त्यांचे नेमके उलटे सात. तक्ता चुकीचा नव्हता. पण ज्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत, त्या तालुक्यातल्या पोरीच्या वहीत मँगनीजचा म सुद्धा नव्हता. मी वहीच्या मागच्या पानावर सात ओळी लिहून दिल्या. त्या कुठल्या पोथीतल्या नाहीत, त्यांना छंद नाही की यमक नाही. तिने त्या एकदा वाचल्या, दुसऱ्यांदा वाचल्या आणि म्हणाली, "मामा, हे पाठ करायला सोपं आहे, पण समजत नाही." म्हणून हे भाष्य. आपल्याच ग्रंथावर आपणच लिहिलेल्या टीकेला जुने शास्त्रकार 'स्वोपज्ञ' म्हणत. तिची सोय एवढीच की मूळ लेखकाशी भाष्यकाराचे जमले नाही, तरी भांडण घरातल्या घरात राहते.

ओळ १. जे चकाकते, वाजते, ठोकल्याने पसरते ते धातू.

आधी 'धातू' हे पद. 'धा' म्हणजे धारण करणे. शरीर धारण करतात म्हणून आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू. शब्दांच्या मुळाशी असतात म्हणून व्याकरणात क्रियापदांची मुळे हे धातू. डोंगरातला गेरू हाही जुन्या संस्कृतात धातूच. आज आपण ज्यांना धातू म्हणतो त्यांना रसशास्त्राचे ग्रंथ बहुधा 'लोह' म्हणत, आणि त्यात सोनेही आले. म्हणजे रसायनशास्त्रातला 'धातू' हा या शब्दाचा सगळ्यात धाकटा अर्थ. नववीच्या वहीत मात्र तो एकुलता एक असल्यासारखा बसतो.

आता 'ठोकल्याने पसरते'. धातूच्या तुकड्यात अणू थरांनी रचलेले असतात आणि प्रत्येकाने आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवलेले असतात, गावाने गायरान ठेवावे तसे. ते कुणा एकाचे नसते आणि सगळ्यांचे असते. तांबटाची हातोडी पडली की थर एकमेकांवरून सरकतात; पण सरकून जिथे जातील तिथेही गायरान आहेच, म्हणून पत्रा फाटत नाही, पसरतो. मिठाच्या खड्यावर तीच हातोडी मारा. तिथे गायरान नाही, प्रत्येकाचा सातबारा वेगळा. थर सरकला की सारख्या भाराचे आयन समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खड्याचा भुगा होतो. चकाकी, उष्णतेचे वहन, विजेचे वहन ही सगळी याच सामाईक इलेक्ट्रॉनांची कामे आहेत. तक्त्यातली चार वेगळी वाक्ये मुळात एकच वाक्य आहे.

शंका: पारा ठोकता येत नाही, तो धातू कसा? आणि आयोडीनचे स्फटिक चकाकतात, मग ते धातू का नाहीत?

समाधान: न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत. लक्षण जिथे लागायला हवे तिथे लागले नाही तर अव्याप्ती. नको तिथे लागले तर अतिव्याप्ती. पाऱ्याच्या बाबतीत ही ओळ अव्याप्त आहे, आयोडीनच्या बाबतीत अतिव्याप्त. सोडियम सुरीने कापला जातो आणि पाण्यावर तरंगतो. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो. भंडाऱ्याच्या मे महिन्यात कपाटातल्या बाटलीत तो घनरूप राहणे अवघड. थोडक्यात, पहिली ओळ ओळख करून देते, व्याख्या करत नाही. ती तशीच राहू दिली आहे, कारण बाजारात भांडे घेताना आपणही बोटाने टिचकी मारून नादच ऐकतो.

ओळ २. पितळ धातू खरे, मूलद्रव्य नव्हे.

ही ओळ भंडाऱ्याबाहेरच्या मुलांसाठी लिहिली असती तर कदाचित वगळली असती. इथे वगळता येत नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. 'पितळी नगरी' हे त्याचे नाव अजून चालते. गावाचे जुने नाव 'भाणारा' आणि ते 'भाण' म्हणजे पितळेच्या ताटा-भांड्यावरून आले अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मराठीत जेवणाच्या ताटाला 'भाणे' म्हणतातच. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पितळेच्या गावाला ती शोभते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याला आवर्तसारणीत घर नाही, कारण सारणीत मूलद्रव्येच राहतात. पितळ हे मिश्रण आहे, हे जुन्यांना ठाऊक होते. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात लोहांचे तीन वर्ग आहेत: सोने, चांदी, तांबे, लोखंड हे शुद्धलोह; शिसे आणि कथील हे पूतिलोह; आणि पितळ, कांसे, वर्तलोह हे मिश्रलोह. आधुनिक अर्थाने मूलद्रव्याची कल्पना नसतानाही मिश्रणाला मिश्रण म्हणून वेगळे काढलेले आहे. नववीच्या तोंडी परीक्षेत 'पितळ हे मूलद्रव्य आहे' असे उत्तर आजही ऐकू येते, तेव्हा मला या वर्गवारीचे कौतुक वाटते.

जस्ताने माणसाला फार छळले. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होते. भट्टीत धातुक तापवले की जस्त धुराड्यातून पसार! म्हणून शतकानुशतके जस्त वेगळे न काढताच, त्याचे धातुक, कोळसा आणि तांबे एकत्र भाजून पितळ करत. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मात्र वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून जस्ताची वाफ खाली उतरवून थंड केली जाई. रसरत्नसमुच्चयात 'वृंताकमूषा' आहे, आणि वृंताक म्हणजे वांगे. 

'पितळ उघडे पडणे' या वाक्प्रचारात पितळेवर अन्याय आहे, असे भंडाऱ्याच्या माणसाने म्हटले तर ऐकून घ्यावे. सोन्याचा मुलामा देणाऱ्याचे पितळ उघडे पडते. पितळ म्हणून विकलेल्या पितळेचे काही उघडे पडत नाही. हां, आंबट घातले तर पडते. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवा, ते कळकते. आम्ल तांबे-जस्ताला थोडे विरघळवते, तीच ती चव. म्हणून आतून कथलाचा पातळ थर, नवसागराच्या धुरात. या कथलाकडे सहाव्या ओळीत परत यायचे आहे.

ओळ ३. उरलेले अधातू.

'अ' हा नकार आहे. ज्याचे नावच नकाराने सुरू होते त्याच्याविषयी आपण काही शिकलो असे वाटत नाही, फक्त काय नाही ते कळते. ज्ञात ११८ मूलद्रव्यांत नव्वदहून अधिक धातू आहेत. अधातू वीसच्या आत. पण माणसाच्या शरीराच्या वजनातले सुमारे ९६ टक्के ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चार अधातूंचे. संख्येने थोडे, पसारा त्यांचाच.

भाचीने तक्त्यातले वाक्य वाचले: 'अधातू विजेचे दुर्वाहक असतात.' मी घरातला टॉर्चचा संपलेला सेल मागितला, जुन्या पद्धतीचा, जाड. पक्कडीने कड उचकटली. बाहेरची टिकली पितळेची. खालचे डबडे जस्ताचे, आतून खाल्ले जाऊन ठिकठिकाणी कागदासारखे झालेले. त्यात ओलसर काळा लगदा, बोटाला लागला की दोन दिवस न निघणारा. मधोमध काळी कांडी. लहानपणी हीच कांडी काढून आम्ही अंगणातल्या फरशीवर रेघा ओढायचो. कांडी कार्बनची, म्हणजे अधातू. आणि सेलमधली सगळी वीज तिच्यातून बाहेर येते. पेन्सिलीतले ग्रॅफाइटही वीज वाहते. कार्बनचेच दुसरे रूप हिरा. तो वीज वाहत नाही, पण उष्णता तांब्याहून कितीतरी चांगली वाहतो. तक्त्यातल्या त्या वाक्यापुढे भाचीने पेन्सिलीने 'बहुधा' हा शब्द लिहिला. पेन्सिलीनेच, हे बरे झाले.

लगद्याविषयी तेव्हा काही बोललो नाही. तो सातव्या ओळीचा ऐवज आहे.

ओळ ४. रूपावर जाऊ नये, राख पाहावी.

'राख' म्हणजे इथे ऑक्साइड. मूलद्रव्य हवेत जाळले की जे उरते, किंवा उडून जाते, ते. धातूची राख पाण्यात आम्लारी होते, अधातूची आम्ल. प्रयोगशाळेत लिटमस असतो. घरी हळद आहे. चुन्याची कळी ही कॅल्शियमची राख. ती पाण्यात विझवून हळदीवर टाकली की हळद लालभडक. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. गंधक जाळून धूर पाण्यात धरला तर ते पाणी आम्ल; हळद पिवळीच राहते, निळा लिटमस मात्र लाल होतो.

ही कसोटी पहिल्या ओळीपेक्षा खोल आहे, कारण ती दिसण्यावर न जाता वागणुकीवर जाते. धातूचा अणू इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, अधातू ते घेतो किंवा ओढून धरतो. राखेचा स्वभाव त्यातून ठरतो.

तरी शंका राहतेच. जस्ताचे ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि कॉस्टिक सोड्यातही. ॲल्युमिनियमचेही तसेच. पाठ्यपुस्तक त्यांना उभयधर्मी म्हणते. म्हणजे ज्या पितळेने आपण दुसरी ओळ भरली, त्यातले जस्त अर्धे सासरी, अर्धे माहेरी. या ओळीवर मी याहून जास्त बोललो तर ओळच मागे घ्यावी लागेल.

ओळ ५. तापले की धातू अडखळे, धातुसदृश मोकळा होई.

मला सातांतली ही ओळ सगळ्यात आवडते. धातूत इलेक्ट्रॉन आधीच मोकळे आहेत. तापवले की अणू थरथरतात आणि वाटेत आडवे येतात, रोध वाढतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापल्यानंतरच्या रोधाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी प्रवाह एकदम उसळतो, आणि बल्ब जायचा तो बहुधा लावताक्षणीच जातो. धातू आणि अधातू यांच्या मधल्या, म्हणजे धातुसदृश, सिलिकॉनचे उलट. त्यात इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले. उष्णता त्यातल्या काहींना सोडवते, वहन वाढते. अर्धवाहक म्हणतात ते हेच.

सिलिकॉन पाहायला कुठे जायचे? वैनगंगेची वाळू ही बरीचशी त्याची राखच, सिलिका. पण भंडारा धानाचा जिल्हा आहे, म्हणून दुसरे ठिकाण जास्त जवळचे. धान कापताना पात हाताला बारीक चिरा पाडते. धानाचे मूळ जमिनीतून विरघळलेली सिलिका ओढून घेते आणि पानात, तुसात साठवते. ती चिर त्या काचेची आहे. शंभर किलो धान भरडले तर साधारण वीस किलो तूस निघते, ते जाळले तर चारेक किलो राख, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. राईस मिलच्या मागे पडलेला करडा ढीग म्हणजे धातुसदृशाची राख. चौथ्या ओळीने तपासली तर ती अधातूच्या बाजूला जाते: गरम कॉस्टिक सोड्यात विरघळते, साध्या आम्लांना दाद देत नाही. आणि खुद्द शुद्ध सिलिकॉनचा तुकडा धातूसारखा राखाडी चकाकतो, पण हातोडीने फुटतो. एका माणसाकडून तीन कसोट्यांना तीन उत्तरे.

प्रामाणिकपणाची गोष्ट: आर्सेनिक आणि अँटिमनी ही ओळ मानत नाहीत. तापल्यावर तेही धातूंसारखेच अडखळतात. तरी सगळे त्यांना धातुसदृशांत मोजतात.

ओळ ६. जमीन निसर्गाची, धुरा माणसाचा.

दोन शेतांच्या मधली हद्द म्हणजे धुरा, हे विदर्भात सांगावे लागत नाही. आवर्तसारणीत उजवीकडे बोरॉनपासून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी जाड रेघ छापलेली असते. तो धुरा. डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, आणि धुऱ्याला लागून बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम. ही सहा नावे बहुतेकांना मान्य. पोलोनियम, ॲस्टॅटिन यांना कुणी आत घेते, कुणी बाहेर ठेवते. ॲल्युमिनियम रेघेला चिकटून असूनही त्याला सहसा कुणी धातुसदृश म्हणत नाही. धुऱ्याचे वाद कोर्टात पिढ्यान् पिढ्या चालतात. इथे तर कोर्टही नाही.

'धातुसदृश' ज्या युरोपीय शब्दासाठी आला त्या 'मेटॅलॉइड'चा इतिहासही असाच. रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८०७ मध्ये सोडियम आणि पोटॅशियम वेगळे केले, तेव्हा इतक्या हलक्या पदार्थांना धातू कसे म्हणावे म्हणून काहींनी त्यांनाच मेटॅलॉइड म्हटले. थोड्याच वर्षांत बर्झेलियसने तो शब्द अधातूंना लावला. आजचा मधल्या वर्गाचा अर्थ त्यानंतरचा. म्हणजे हा एक शब्द शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून मग धुऱ्यावर येऊन बसला.

धुऱ्यावरच्या सहांतले आर्सेनिक मराठी माणसाच्या बोलण्यात रोज असते, त्याला पत्ता नसतो. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे पिवळे सल्फाइड. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देत, म्हणून 'हरताळ फासणे'. वर्गीकरणाच्या तक्त्यावर हरताळ फासणारा पदार्थ स्वतः धुऱ्यावरचा निघावा, हा योगायोग मला सोडवत नाही.

आणि कथील. कल्हईवाल्याचे कथील पांढरे, चकचकीत, पक्का धातू. पण १३.२ अंशांच्या खाली त्याचे स्थिर रूप वेगळे आहे: करडे, ठिसूळ, अर्धवाहक. मूलद्रव्य तेच, अणू तेच, रचना बदलली आणि ते धुरा ओलांडून गेले. भंडाऱ्याच्या थंडीत पारा तेराच्या खाली जातो. तरी भांड्यांची कल्हई भुगा होऊन गळत नाही, कारण हा बदल त्या तापमानाला अतिशय संथ असतो, कडाक्याच्या थंडीतच वेग घेतो, आणि कथलात जराशी भेसळ असली तरी अडतो. इथे कल्हईवाल्याची भेसळ उपकारक ठरते. त्याला हे सांगू नये.

ओळ ७. मँगनीजचे घर एक, दारे अनेक.

तुमसर तालुक्यातल्या काळ्या दगडाची ही ओळ. चिखल्याची खाण भूमिगत, डोंगरी बुजुर्गची उघडी, दोन्ही मॉइल या सरकारी कंपनीच्या. ('बुजुर्ग' म्हणजे थोरला, म्हणजे आपल्याकडचे 'बुद्रुक'.) या पट्ट्यातल्या धातुकांवर एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये भला मोठा ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाईट' असे नाव दिले. त्यात स्पेसार्टिन हा गार्नेट आणि गार असते. स्पेसार्टिन कशाचा? मँगनीज, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. दोन धातू, एक धातुसदृश, एक अधातू, मुठीत मावणाऱ्या एका दगडात.

मँगनीज धातू आहे याविषयी वाद नाही. पण पहिल्या ओळीची लाज त्याने पूर्ण काढली आहे. ते कठीण आणि ठिसूळ. ठोकले तर पसरत नाही, फुटते. वीज वाहते, पण तांब्याच्या ऐंशीपटींहून अधिक रोध करत. त्याच्या स्फटिकाच्या एका घरात ५८ अणू असतात, तांब्याच्या घरात चार. इतक्या दाटीच्या, वाकड्यातिकड्या रचनेत थर सरकणार कुठून? पोलादात मिसळले की मात्र तेच वागणे बदलते. गंधकाला पकडून ठेवते, म्हणून लालबुंद पोलाद दाबताना तडकत नाही. आणि रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये बारा-तेरा टक्के मँगनीज घालून केलेले पोलाद मार खाऊन आणखी कठीण होते. रेल्वेच्या सांध्यांवर ते वापरतात. 

'दारे' म्हणजे त्याच्या ऑक्सिडीकरण अवस्था. अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले असता होणारे ऑक्साइड आम्लारिधर्मी, चांगल्या घरच्या धातूसारखे. चार गमावलेले, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, उभयधर्मी. सात गमावलेले हे तर हिरवट काळे, तेलासारखे द्रव, स्फोटक आणि चक्क आम्लधर्मी. पाण्यात ते परमँगॅनिक आम्ल होते. चौथ्या ओळीने न्याय केला तर एकच मूलद्रव्य एका दाराने धातू, दुसऱ्याने धुऱ्यावरचे आणि तिसऱ्याने अधातू. कारण समजण्यासारखे आहे: जितके इलेक्ट्रॉन जास्त गेले, तितका उरलेला अणू भुकेला, मग तो ऑक्सिजनशी देवाणघेवाण न करता इलेक्ट्रॉन वाटून घेऊन ओढाताण करतो, आणि ओढाताण हा अधातूचा स्वभाव.

हे अमूर्त वाटेल म्हणून तिन्ही दारे दाखवतो. डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइड धातुक कोरड्या सेलच्या कारखान्यांना जाते. टॉर्चमधून निघालेला, बोटाला चिकटलेला काळा लगदा तो हा. त्याच धातुकापासून केलेले मँगनस ऑक्साइड, म्हणजे पहिले दार, जनावरांच्या खाद्यात आणि खतांत सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून घालतात. आणि तिसरे दार गावोगावच्या विहिरींत टाकत असत त्या जांभळ्या औषधाचे, पोटॅशियम परमँगनेटचे. त्यात मँगनीज हा धातू आम्लाच्या बाजूला बसलेला आहे, धातूचे काम पोटॅशियमकडे.

भाचीने विचारले, "मग याला धातुसदृश का म्हणत नाहीत?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असे की वर्गीकरण सुट्या मूलद्रव्याचे करतात, त्याच्या संयुगांचे नाही. आणि सुटे मँगनीज तापल्यावर धातूसारखेच अडखळते, इलेक्ट्रॉन देतेच, विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढते. हा संकेत आहे, आणि सोयीचा आहे. तिला तो फारसा पटला नाही. मेंडेलीव्हलाही पटला नसता. १८६९ पासून सारणी रचताना त्याने अशा साम्यांवर भर दिला आणि मँगनीजला क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनच्या सातव्या गणात बसवले, कारण परमँगनेट आणि परक्लोरेट यांचे स्फटिक एकाच साच्याचे असतात. मँगनीजच्या खालची जागा रिकामी होती. तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने संस्कृत 'एक' हा उपसर्ग लावून 'एकमँगनीज' म्हटले. ते १९३७ मध्ये सापडले, त्याचे नाव टेक्नेशियम.

आजच्या सारणीत मँगनीज ७ व्या गणात आहे आणि क्लोरीन १७ व्या.